बाळ सारखं पितंय तरी वजन हळू वाढतंय आणि मला खूप दुखतंय, लॅक्टेशन कन्सल्टंटला दाखवू का?

पहिलटकरीण

नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, वेळ असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

मुलगी तीन आठवड्यांची आहे, पहिलंच बाळ. ३७ आठवडे जेमतेम भरले होते तेव्हा डिलिव्हरी झाली, नॉर्मल. जन्मताना २९०० ग्रॅम होती, चौथ्या दिवशी २६५० वर आली आणि काल एकविसाव्या दिवशी २९३० भरली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले बाळ छान आहे, कावीळही उतरलीये, पण वजनाचा वेग कमी आहे, आठवड्याने परत वजन करू आणि तेव्हाही असंच असेल तर वरचं दूध थोडं थोडं सुरू करू.

माझा त्रास असा की पाजायला घेतलं की डोळ्यातून पाणी येतं इतकं दुखतं. दोन्हीकडे चिरा पडल्यात, डावीकडे जास्त. सोडल्यावर बोंड एका बाजूने चपटं आणि तिरकं झालेलं दिसतं. ती पाऊण पाऊण तास अंगावर असते, मधेच झोपून जाते, पाळण्यात ठेवलं की पाच मिनिटात परत रडायला लागते, संध्याकाळी तर मी उठूच शकत नाही जागेवरून. शूचे डायपर दिवसाला सहाच्या आसपास होतात, शी पिवळी, दोन तीन वेळा. काल पाजून झाल्यावर पंप लावून बघितला तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम ३० मिली निघालं आणि ते बघून मला रडूच आलं.

सासूबाई म्हणतात दूध पुरत नाहीये, बाटली लाव, बाळाला उपाशी ठेवू नको. आई म्हणते सगळ्यांनाच सुरुवातीला दुखतं, महिन्याभरात होईल ठीक. नवरा म्हणतो लॅक्टेशन कन्सल्टंटला बोलवू. पण ती नक्की करते काय? बाळ कसं धरायचं एवढंच सांगणार असेल तर ते व्हिडिओ मी सगळे बघून झालेत. अजून आठवडाभर वाट बघावी का? व्हिडिओ कॉलवर दाखवून चालतं का? आणि एकदा वरचं दूध दिलं तर अंगावरचं बंद पडतं का? ज्यांनी मदत घेतलीये त्यांनी प्लीज सांगा.

---

दोन_पिल्लांची_आई

अगं वाट कसली बघतेस, उद्याच दाखव. बोंड चपटं आणि तिरकं होतंय म्हणजे ती ते टाळूच्या कडक भागावर दाबून धरतेय, तोंडात पुरेसं आत जातच नाहीये. माझ्या मोठ्याच्या वेळी डिट्टो हेच होतं. पहिली काही सेकंद ओढल्यासारखं वाटणं वेगळं आणि पूर्ण वेळ दुखणं वेगळं, चिरा पडणं तर अजिबात नॉर्मल नाही. सगळे म्हणतात म्हणून सोसत बसू नकोस.

तोवर एक कर, लागली आणि दुखलं तर तसंच चालू ठेवू नको, स्वच्छ करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा जाऊ दे मग सोडव, परत लाव. नुसतं ओढून काढलंस तर अजून चीर पडेल. आणि चिरांवर आपलंच दूध थोडं लावून वाळू दे किंवा लॅनोलिन लाव, साबण अजिबात नको.

---

स्तनपान_सल्लागार

हेच माझं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाळाला न बघता निदान करता येत नाही हे आधीच सांगते, पण तू आकडे इतके नीट दिलेस की काही गोष्टी बोलता येतील.

आधी वजनाचं. बऱ्याच घरांत जन्माच्या वजनाशी तुलना करून "तीन आठवड्यात फक्त ३० ग्रॅम" असा घोर लावून घेतात. तसं मोजायचं नसतं. पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरलेलं डॉक्टर जवळून बघत राहतात, तुझ्या लेकीचं साधारण साडेआठ टक्के उतरलं. मोजायचं ते सगळ्यात खाली गेलेल्या वजनापासून. २६५० पासून २९३० म्हणजे १७ दिवसांत २८० ग्रॅम, दिवसाला १६-१७ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत साधारण २० ते ३० ग्रॅम रोज अपेक्षित असतात. म्हणजे ती उपाशी मरत नाहीये, पण मागे आहे, आणि जन्माचं वजन १०-१४ दिवसांत परत यायला हवं होतं ते उशिरा आलं. सहा डायपर आणि पिवळी शी म्हणजे पोटात काहीतरी नक्की जातंय. मधली स्थिती आहे ही, आणि मधल्या स्थितीतच मदत घ्यायची असते, कारण आत्ता दुरुस्त करायला वेळ हातात आहे.

आता ३० मिली. अगं पाजून झाल्यावर निघालेले ३० मिली हे उरलेलं दूध आहे! बाळ पिऊन गेल्यावरही एवढं निघतंय याचा अर्थ बहुतेक असा की दूध बनतंय पण तिला ते ओढून घेता येत नाहीये. शिवाय पंपावर दूध मोजता येतच नाही खऱ्या अर्थाने, पंपाच्या फनेलचा साइज चुकला तरी कमी निघतं, टेन्शनमध्ये पान्हा फुटत नाही तरी निघत नाही. मला तुझ्या सगळ्या लिहिण्यात ३७ आठवडे हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटला. ही बाळं दिसायला पूर्ण दिवसांची असतात पण चोखायची ताकद कमी असते, लवकर थकतात आणि छातीशीच झोपतात. तोंड हलत असतं, गिळणं मात्र होत नसतं. तू बघ, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते का आणि "क्" असा बारीक श्वास सोडल्यासारखा आवाज येतो का. तो आवाज म्हणजे गिळणं. नुसतं भराभर चुटूचुटू म्हणजे दूध जात नाहीये. तसं दिसलं की छाती हाताने हलकेच दाबून धर, ती प्यायला लागली की दाब तसाच ठेव, थांबली की सोड. बऱ्याच बाळांना एवढ्यानेच जाग येते.

दूध बनण्याचा हिशोब सोपा आहे, जेवढं बाहेर जातं तेवढं नवीन बनतं. छातीत साठून राहिलं तर शरीर बनवण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे आज जरी दूध भरपूर असलं तरी बाळ नीट ओढत नसेल तर महिन्या दोन महिन्यात खरंच कमी होऊ शकतं. म्हणून आठवडाभर थांब असं मी म्हणणार नाही.

कन्सल्टंट काय करते? चांगली असेल तर आधी अर्धा तास नुसतं विचारते. गरोदरपण, डिलिव्हरी, रक्तस्राव किती झाला, वार पूर्ण पडली का, थायरॉइड, पीसीओएस, छातीचं कुठलं ऑपरेशन, गरोदरपणात छातीत फरक जाणवला का, औषधं कोणती चालू आहेत. मग तुझी छाती आणि बाळाचं तोंड तपासते, जीभ वर उचलते का, पुढे येते का, टाळू कसा आहे, मान दोन्हीकडे वळते का. मग बाळाला अगदी बारीक काट्यावर पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यात, त्याच डायपरमध्ये तोलते, फरक म्हणजे प्यालेलं दूध. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पूर्ण फीड शेजारी बसून बघते, पहिल्या मिनिटापासून सोडेपर्यंत. व्हिडिओ बघून तुला कसं धरायचं कळतं, पण तुझं बाळ तुझ्या अंगावर काय करतंय ते व्हिडिओला कळत नाही. निघताना लेखी प्लॅन देते आणि परत कधी बघायचं ते सांगते. हे यातलं काहीच न करता पहिल्या दहा मिनिटांत कुठली तरी पावडर नाहीतर गोळी सुचवणारी असेल तर दुसरी शोध.

कोणाला दाखवायचं याबद्दल पण लक्ष दे, कारण लॅक्टेशन कन्सल्टंट ही पाटी बऱ्याच ठिकाणी कोणीही लावू शकतं. आयबीसीएलसी ही आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन मिळणारी पात्रता आहे, १९८५ पासून आहे, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्याशिवाय छोटे कोर्स केलेल्या काउन्सेलर असतात, त्यातल्या अनेक जणी उत्तम काम करतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे स्वतः पाजलेल्या, थोडं ट्रेनिंग घेतलेल्या आयांचे गट, ला लेचे लीग तर १९५६ पासून हेच करतेय. साध्या शंका, धीर, रात्रीचं जागरण यासाठी असे गट फार मोलाचे. पण वजन अडलंय आणि चिरा पडल्यात तेव्हा अनुभवी हाताची तपासणी हवी. सरळ विचार, अशा किती केसेस बघता, पूर्ण फीड बघणार का, वजन काटा आहे का, नंतर फोनवर बोलता येईल का, माझ्या बालरोगतज्ज्ञांना रिपोर्ट द्याल का. कुठल्या दूध पावडरच्या कंपनीशी संबंध आहे का हेही विचार, त्यात लाजायचं काही नाही, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आईच्या दुधाला पर्यायी उत्पादनांच्या जाहिरातीवर आंतरराष्ट्रीय नियमावली केली ती उगाच नाही.

व्हिडिओ कॉल चालतो, बाळ धरण्याची पद्धत आणि लॅच, म्हणजे बाळाची तोंडातली पकड, बऱ्यापैकी दिसतो. तोंडात बोट घालून तपासणं आणि वजन मात्र होत नाही, म्हणून तुझ्या केसमध्ये प्रत्यक्ष भेट शक्य असेल तर तीच घे.

आणि हे सगळं चालू असताना बाळ उठवूनही उठत नसेल, लघवी एकदम कमी झाली, डायपरवर विटेसारखा लालसर डाग दिसला, डोक्यावरची टाळू खोल गेली किंवा ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर कन्सल्टंट वगैरे सगळं बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे. एवढ्या लहान बाळाचा ताप घरी बघत बसायचा नसतो.

---

वाटसरू_८८

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका कोणी. मदत घ्यावी, नक्की घ्यावी, पण सांगितलेलं सगळं डोळे मिटून करू नये. मला जो प्लॅन दिला होता त्यात दर तीन तासांनी आधी पाजायचं, मग पंप करायचं, मग ते पंप केलेलं चमच्याने द्यायचं, मग पंप धुवायचा, आणि तेवढ्यात पुढची वेळ. रात्रंदिवस. हे कधी थांबवायचं ते कोणी सांगितलंच नाही. मी झोपेशिवाय अक्षरशः भ्रमिष्टासारखी झाले होते, बाळाकडे बघून काही वाटेनासं झालं होतं. शेवटी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांचा तो डिप्रेशनचा फॉर्म भरून घेतला तेव्हा कळलं की गोष्ट थकव्याच्या पुढे गेलीये.

दुसरं म्हणजे जिभेखालचा पडदा. हल्ली प्रत्येक अडचणीला जीभ चिकटलीये, कापून घ्या असं सांगतात. काही बाळांना खरंच गरज असते आणि फरकही पडतो, पण पडदा दिसतो म्हणून कापायचा नसतो, जीभ काम करत नसेल तर विचार करायचा, आणि आधी लॅच सुधारून बघायचा. घाई करायला लावत असतील तर दुसरं मत घ्या.

---

स्तनपान_सल्लागार

वाटसरू, राग कशाला, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि तुमच्यासोबत असं व्हायला नको होतं. तिहेरी फीडिंगला, म्हणजे पाजणं, पंप आणि मग चमच्याने देणं याला, थांबायची तारीख पाहिजेच. मी स्वतः चार पाच दिवसांच्या पुढे फेरतपासणीशिवाय कोणाला ते करायला सांगत नाही, आणि रात्रीचा एक सलग झोपेचा तुकडा आईला मिळालाच पाहिजे असं प्लॅनमध्येच लिहिते. पहिलटकरीण, तू भेटीत हा प्रश्न नक्की विचार, "हे मी किती दिवस करायचं आणि मग काय?" उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर प्लॅन अर्धवट आहे असं समज.

---

अर्धं_अर्धं

वरच्या दुधाच्या प्रश्नावर मी लिहिते कारण मी तेच करून बसलेय आणि माझा मुलगा आता दीड वर्षांचा आहे.

माझं दूध खरोखर कमी होतं. सगळे म्हणत होते मनाने खंबीर राहा, येईल दूध, आणि मी वेड्यासारखी प्रयत्न करत होते. कन्सल्टंटने मात्र छाती तपासून मला नीट समजावलं की माझ्यात दुधाच्या ग्रंथींचा भागच कमी वाढलेला आहे, दोन्ही छातींमध्ये अंतर जास्त, गरोदरपणात काहीच फरक पडला नव्हता, या सगळ्या खुणा होत्या. रक्त तपासणीत थायरॉइडही निघाला. त्या दिवशी मी इतकी रडले, पण सुटल्यासारखं रडले, कारण तोवर मला वाटत होतं माझ्याच प्रयत्नात काहीतरी कमी पडतंय. लॅक्टेशनवाल्या बायका फक्त "अंगावरच पाज" म्हणतात असं लोकांना वाटतं म्हणून मुद्दाम सांगते, मला पावडरचं दूध द्यायला तिनेच सांगितलं, किती द्यायचं ते वजनावरून काढून दिलं आणि अंगावरचं चालू कसं ठेवायचं तेही शिकवलं. एक बारीक नळी असते, एक टोक दुधाच्या बाटलीत आणि दुसरं बोंडाजवळ चिकटवायचं, बाळ अंगावरच चोखतं आणि वरचं दूधही तिथूनच जातं. कटकट आहे, नाही म्हणत नाही, पण आम्हाला दोघांना ते सूट झालं.

तर वरचं दूध दिलं म्हणून अंगावरचं बंद होत नाही. बाटली दिली आणि त्या वेळी छातीतून दूध काढलंच नाही, असं रोज होत गेलं की कमी होतं. दिलंस तर बाळाला बसतं धरून, बाटली आडवी, मधे मधे थांबवत दे, म्हणजे भसाभस जात नाही आणि तिला अंगावर पिताना कंटाळा येत नाही. आणि पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवायची, पुरवायची म्हणून पातळ करायची नाही. नुसतं पाणी तर सहा महिने द्यायचंच नाही.

सासूबाईंना शत्रू समजू नकोस गं. नात रडतेय ते त्यांना बघवत नाहीये. त्यांना भेटीच्या वेळी खोलीत बसव, काट्यावरचा आकडा त्यांनी स्वतः बघितला की घरातली निम्मी चर्चा संपते.

---

बाबा_नवीन

ताई, मी बाबा आहे म्हणून बोलू का नको असं वाटलं पण तुमच्या मिस्टरांनी सुचवलंय म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे अपॉइंटमेंट मीच घेतली, कारण बायकोला फोनवर सगळं परत परत सांगायची ताकदच नव्हती. दोन दिवस आधीपासून मी एका वहीत वेळा लिहिल्या, कधी पाजलं, कुठल्या बाजूला, शू शी कधी, आणि तिच्या परवानगीने एका फीडचा व्हिडिओ काढून ठेवला, भेटीत बाळ नेमकं झोपून गेलं तेव्हा तोच कामी आला. भेटीची वेळ बाळाच्या फीडच्या वेळेला जुळवून घ्या, पोट भरलेल्या बाळाला घेऊन गेलात तर बघणार काय.

आणि भेटीत मिस्टरांनी तिथे थांबावं, बाहेर बसू नये. कन्सल्टंट बोलतात ते बाळंतिणीच्या निम्मंसुद्धा लक्षात राहत नाही, मी लिहून घेत होतो. रात्री उशी कुठे ठेवायची, हात कुठे धरायचा हे मला आठवायचं. पंप धुणं, ढेकर काढणं, डायपर, येणाऱ्या जाणाऱ्यांना "आत्ता नको" सांगणं हे सगळं आपलं काम.

---

पहिलटकरीण

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू, मी हे सगळं रात्री पाजता पाजता वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. अपॉइंटमेंट मिळाली आणि जाऊन पण आलो, म्हणून सांगायला आले. सासूबाई सोबत होत्या.

बाईंनी आधी सगळा इतिहास विचारला, अगदी वर लिहिलंय तसाच. मग तोलून पाजलं. उजवीकडे ३६ मिली गेलं आणि डावीकडे फक्त १२! आणि डावीकडेच ती जास्त वेळ असते. जीभ ठीक आहे म्हणाल्या, कापायची वगैरे काही गरज नाही. पण तिची मान एका बाजूला सहज वळते आणि दुसऱ्या बाजूला अडते, पोटात ती ज्या अवस्थेत होती त्यामुळे होतं म्हणे असं. म्हणून डावीकडे ती डोकं नीट मागे नेऊन तोंड मोठं उघडूच शकत नव्हती, नुसतं टोक पकडत होती. मग त्यांनी काय केलं, उजवीकडे ज्या दिशेने झोपलेली असते तशीच न वळवता डावीकडे सरकवली, पाय माझ्या काखेखालून मागे. म्हणजे मान तिच्या सोयीच्या बाजूलाच राहिली. हनुवटी आधी टेकवायची, बोंड तिच्या नाकासमोर ठेवायचं, आणि तोंड मोठं उघडलं की तिला पाठीवरून धरून पटकन जवळ घ्यायचं, डोकं मागून ढकलायचं नाही. पहिल्यांदा दुखलं नाही मला! मी तिथेच रडायला लागले, सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या.

प्लॅन असा दिलाय, प्रत्येक फीडला आधी डावी बाजू काखेतून, झोपायला लागली की दाब द्यायचा, गिळणं पूर्ण थांबलं की बाजू बदलायची. दिवसातून तीन वेळा पाजल्यानंतर थोडा वेळ पंप, जे निघेल ते पुढच्या फीडला द्यायचं, बालरोगतज्ज्ञांच्या पुढच्या वजनापर्यंतच, मग कमी करायचं. रात्री पंप नाही. फनेल पण मोठं होतं माझं, बदलून दिलं. मानेसाठी बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिलीये, ते व्यायाम किंवा फिजिओ सांगतील.

सासूबाई घरी येऊन आईला फोनवर सगळं समजावत होत्या, काट्यावर ३६ आलं ते दोनदा सांगितलं.

एक शंका, आज सकाळपासून डावीकडे बाहेरच्या बाजूला एक गाठ लागतेय, दुखते, थोडं लाल आहे. ताप नाहीये. शेजारच्या काकू म्हणतात गरम शेक देऊन जोरात चोळून काढ आणि पंपाने पूर्ण रिकामं कर. करू का?

---

दोन_पिल्लांची_आई

किती बरं वाटलं वाचून!! चोळू मात्र नकोस, थांब, सल्लागार ताई सांगतीलच.

---

स्तनपान_सल्लागार

मानेचं निघालं ते ऐकून छान वाटलं, हे खूपदा निसटतं. कोणीतरी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोलल्या म्हणून सापडलं.

गाठीचं, जोरात चोळू नको. पूर्वी सगळे तेच सांगायचे, पण आता समज बदललीये, २०२२ मध्ये ब्रेस्टफीडिंग मेडिसिन अकादमीने यावरच्या सूचना नव्याने काढल्या. आत बहुतेक वेळा सूज असते, नळ्या दाबल्या गेलेल्या असतात, दाबून चोळलं की आतल्या नाजूक भागाला इजा होऊन सूज वाढते. आणि पंप लावून पूर्ण रिकामं करायला गेलीस तर शरीराला वाटतं अजून दूध हवंय, ते अजून बनवतं आणि भर पडते. त्यामुळे बाळाला नेहमीसारखंच पाज, त्या बाजूला पण पाज, ठरलेला पंप तेवढाच ठेव, वाढवू नको. पाजून झालं की कपड्यात गुंडाळून थंड शेक दे. हात फिरवायचाच असेल तर अगदी हलका, वरच्या वर, काखेच्या दिशेने. घट्ट ब्रा नको. दुखण्यासाठी आणि सुजेसाठी आयबुप्रोफेन पाजताना चालते, पण तुला अ‍ॅसिडिटी, दमा, किडनी असं काही असेल किंवा डिलिव्हरीनंतरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना फोन करून विचार.

तुझ्या बोंडाला चिरा आहेत, तिथून जंतू आत जाऊ शकतात, म्हणून जरा जास्त सावध राहा. दिवसभरात कमी झालं नाही, लाली पसरायला लागली, थंडी वाजून आली किंवा ताप ३८ च्या वर गेला तर डॉक्टरला दाखव, तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं आणि पाजताना चालणारी अँटिबायोटिक्स असतात. पाजणं थांबवायचं नाही, त्या दुधाने बाळाला काही होत नाही, उलट अचानक थांबवलंस तर गळू होण्याची शक्यता वाढते. औषधं देताना मी पाजतेय हे डॉक्टरांना आठवणीने सांग. आणि ज्यांना दाखवलंस त्या बाईंनाही आजच मेसेज टाक, त्यांनी तुझी छाती हाताने तपासलीये, ती गाठ नेमकी कुठे आहे ते वाचून त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

---

पहिलटकरीण

केला मेसेज, त्यांनीही थंड शेकच सांगितला आणि डावीकडे पाजताना तिची हनुवटी गाठीच्या दिशेला येईल असं धरून बघायला सांगितलंय. संध्याकाळी परत फोन करणार आहेत. वजन झालं की इथे लिहितेच.